चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील वार्षिक उल्कावर्षावांचे निरीक्षण : काळ, परिस्थिती आणि मर्यादा

गोषवारा

वार्षिक उल्कावर्षावांच्या प्रचलित वेळापत्रकांत दिलेले दिनांक सर्व पृथ्वीला लागू असले, तरी प्रत्येक वर्षाव प्रत्येक प्रदेशातून सारखाच दिसत नाही. अक्षांश, पर्जन्यमान, चंद्रकला व आकाशाचा अंधार या चार घटकांवर प्रत्यक्ष दर्शन अवलंबून असते. प्रस्तुत लेखात चंद्रपूर व गडचिरोली या वनबहुल जिल्ह्यांच्या संदर्भात प्रमुख वर्षावांचा विचार केला असून, येथील निरीक्षण-वर्ष जानेवारीऐवजी ऑक्टोबरमध्ये सुरू होऊन मे महिन्यात संपते, असे प्रतिपादन केले आहे. वन्यप्राण्यांचा वावर आणि २ एप्रिल २०२२ रोजी सिंदेवाही तालुक्यात घडलेली अवशेषपाताची घटना यांच्या अनुषंगाने निरीक्षणातील सुरक्षितता व अचूक ओळख यांचाही परामर्श घेतला आहे.

बीजसंज्ञा : उल्कावर्षाव, उद्गमबिंदू, आदर्श तासदर, चंद्रतिथी, प्रकाश प्रदूषण, अवकाशीय अवशेष.

१. प्रस्तावना

रात्रीच्या आकाशात क्षणभर चमकून जाणारी रेषा मनुष्याने फार प्राचीन काळापासून पाहिली आहे. मराठीत तिला ‘तारा तुटणे’ किंवा ‘तारा निखळणे’ म्हणतात. वस्तुतः कोणताही तारा तुटत नाही. सूर्याभोवती फिरणारा वाळूच्या कणाएवढा किंवा फार तर खड्याएवढा पदार्थ पृथ्वीच्या वातावरणात प्रचंड वेगाने शिरतो आणि साधारणतः १२० ते ८० किलोमीटर उंचीवर जळून नष्ट होतो. त्याची प्रकाशरेषा म्हणजे उल्का होय. एखादा मोठा पदार्थ पूर्णपणे न जळता भूपृष्ठावर पोहोचला, तर त्यास अशनी म्हणतात.

वर्षातील काही ठराविक रात्री उल्कांची संख्या वाढते. वृत्तपत्रे व दिनदर्शिका अशा रात्रींची माहिती देतात आणि त्यानुसार विद्यार्थी व जिज्ञासू नागरिक आकाश पाहण्यास बाहेर पडतात. अनेकदा त्यांच्या पदरी निराशा येते. ‘ताशी शंभर उल्का’ अशी बातमी वाचलेल्या विद्यार्थ्यास ऑगस्टमधील ढगाळ रात्री एकही उल्का दिसत नाही. मात्र डिसेंबरमध्ये याच आकाशात होणाऱ्या वर्षातील सर्वोत्तम वर्षावाकडे त्याचे लक्ष जात नाही. या विसंगतीचे मूळ निसर्गात नसून दुसऱ्या प्रदेशासाठी तयार झालेल्या माहितीचा जसाच्या तसा स्वीकार करण्यात आहे.

चंद्रपूर आणि २६ ऑगस्ट १९८२ रोजी त्यातून वेगळा झालेला गडचिरोली हे दोन्ही जिल्हे साधारणतः २० उत्तर अक्षांशाच्या आसपास वसलेले आहेत. भामरागड, एटापल्ली, कोरची, धानोरा येथील विस्तीर्ण वनक्षेत्रात आजही उत्तम अंधार उपलब्ध आहे. दुसरीकडे चंद्रपूर, बल्लारपूर व भद्रावती हा पट्टा औष्णिक वीज केंद्र, कोळसा खाणी व कारखाने यांच्या प्रकाशाने उजळलेला असतो. एकाच प्रदेशात आकाशाची अशी दोन टोके असल्यामुळे उल्का निरीक्षणाच्या दृष्टीने हा प्रदेश विशेष अभ्यसनीय ठरतो.

२. उद्दिष्टे

१) वार्षिक उल्कावर्षावांचे स्वरूप व कारणे स्पष्ट करणे.
२) प्रमुख वर्षावांची या दोन जिल्ह्यांच्या संदर्भातील अनुकूलता निश्चित करणे.
३) पंचांगातील तिथींच्या साहाय्याने योग्य वर्षाची निवड कशी करावी हे सांगणे.
४) वनक्षेत्रातील निरीक्षणाच्या मर्यादा व आवश्यक दक्षता नमूद करणे.
५) उल्का आणि मानवनिर्मित अवशेष यांतील फरक स्पष्ट करणे.

३. उल्कावर्षाव : स्वरूप व कारण

धूमकेतू सूर्याजवळ आला की त्यातील बर्फाची वाफ होते आणि तीबरोबर धूलिकण बाहेर पडतात. हे कण धूमकेतूच्या कक्षेत पसरून एक प्रकारचा धुळीचा प्रवाह तयार होतो. पृथ्वीची कक्षा जेथे या प्रवाहास छेदते, तेथे पृथ्वी दरवर्षी त्याच दिनांकाच्या सुमारास पोहोचते. म्हणून उल्कावर्षाव वार्षिक असतात आणि त्यांचे इंग्रजी दिनांक जवळपास स्थिर राहतात.

प्रवाहातील कण परस्परांना समांतर मार्गाने येतात. रेल्वेचे समांतर रूळ दूरवर एका बिंदूत मिळाल्यासारखे भासतात, त्याचप्रमाणे या उल्का आकाशातील एका बिंदूतून फाकल्यासारख्या दिसतात. या बिंदूस उद्गमबिंदू म्हणतात. तो ज्या तारकासमूहात असेल त्याचे नाव वर्षावास मिळते. मिथुन राशीतील वर्षावाचा मिथुन राशीतील ताऱ्यांशी याहून अधिक संबंध नाही. ते तारे कित्येक प्रकाशवर्षे दूर आहेत, तर उल्का आपल्या वातावरणातच जळते.

कणांचा वेग पृथ्वीच्या गतीच्या दिशेवर अवलंबून असतो. पृथ्वीला समोरून भिडणारे कण सेकंदाला ७० किलोमीटरपेक्षा अधिक वेगाने येतात, तर मागून गाठणारे कण सावकाश भासतात. मध्यरात्रीनंतर निरीक्षकाचे स्थान पृथ्वीच्या पुढच्या, म्हणजे गतीच्या दिशेकडील बाजूस येते. धावत्या गाडीच्या समोरच्या काचेवर पावसाचे थेंब अधिक पडतात, तसाच हा प्रकार आहे. म्हणून बहुतेक वर्षाव पहाटे अधिक चांगले दिसतात.

४. प्रसिद्ध आकडा आणि प्रत्यक्ष संख्या

वर्षावाची तीव्रता ज्या आकड्याने सांगितली जाते, त्यास या लेखात ‘आदर्श तासदर’ म्हटले आहे. उद्गमबिंदू निरीक्षकाच्या बरोबर डोक्यावर आहे, आकाश पूर्ण निरभ्र आहे आणि ६.५ प्रतीपर्यंतचे मंद तारे नुसत्या डोळ्यांनी दिसत आहेत, अशा परिस्थितीत एका निरीक्षकास तासाभरात दिसू शकणाऱ्या उल्कांची ती संख्या होय. या तिन्ही अटी एकाच वेळी क्वचितच पूर्ण होतात.

उद्गमबिंदू क्षितिजापासून ३० अंश उंचीवर असेल तर संख्या निम्मी होते. आकाश उजळलेले असेल तर घट त्याहून मोठी असते. शहरातून केवळ ४.५ प्रतीपर्यंतचे तारे दिसत असतील, तर उल्कांची संख्या साधारणतः सहाव्या हिश्शावर येते. म्हणजे १५० आदर्श तासदराचा मिथुन वर्षाव चंद्रपूर शहरातून पाहणाऱ्यास अनुकूल वेळीही तासाला सुमारे २५ उल्का दाखवील. तोच वर्षाव भामरागडच्या अंधाऱ्या आकाशाखाली याच्या कित्येक पटींनी समृद्ध भासेल. दोन्ही ठिकाणचे निरीक्षक खरे सांगत असतात. त्यांचे आकाश मात्र भिन्न असते.

५. येथील निरीक्षण-वर्ष : ऑक्टोबर ते मे

युरोप व अमेरिकेतील लोकप्रिय पुस्तकांत ऑगस्टच्या १२-१३ तारखेच्या ययाती वर्षावास अग्रस्थान असते. तेथे तो उन्हाळ्याच्या सुटीचा काळ असतो. पूर्व विदर्भात मात्र जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या आरंभापर्यंत नैर्ऋत्य मोसमी पावसाचे राज्य असते. १०० आदर्श तासदर असलेला ययाती वर्षाव आणि जुलैअखेरचा कुंभ राशीतील दक्षिणेकडील वर्षाव हे दोन्ही ढगांआड जातात. शिवाय ययाती वर्षावाचा उद्गमबिंदू उत्तरेकडे असल्याने येथून तो पहाटेही सुमारे ५० अंशांपर्यंतच चढतो. एखाद्या रात्री उघडीप मिळाली तर पाहावे. परंतु त्यावर शाळेचा किंवा महाविद्यालयाचा कार्यक्रम आखू नये.

पाऊस परतल्यावर आकाश धुऊन निघते. धानाच्या बांध्यांत पीक पिवळे पडू लागते आणि रानडुकरांपासून त्याचे रक्षण करण्यासाठी शेतात जागल सुरू होते. येथील निरीक्षण-वर्षाचा आरंभ याच काळात मानणे सयुक्तिक ठरते.

*५.१ मृग वर्षाव (२१-२२ ऑक्टोबर) :* हा हॅले धूमकेतूच्या धुळीपासून होतो. आदर्श तासदर सुमारे २० असून वेग सेकंदाला ६६ किलोमीटर आहे. उद्गमबिंदू रात्री दहाच्या सुमारास उगवतो आणि पहाटे सव्वाचारला जवळजवळ डोक्यावर येतो. मृगातील तांबूस काक्षी ताऱ्याच्या ईशान्येस तो असतो. मयंक वाहिया व गणेश हलकारे यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या गोंड समाजाच्या खगोलज्ञानाच्या अभ्यासातून या समाजाची स्वतंत्र आकाश-परंपरा नोंदली गेली आहे. सप्तर्षीतील चौकोनास खाट मानणे, मृगात शेतीचे अवजार पाहणे अशा कल्पना तीत आढळतात. ग्रामीण विद्यार्थ्यांस उद्गमबिंदू दाखवताना पाठ्यपुस्तकातील नावांबरोबर घरात ऐकलेल्या नावांचा आधार घेतल्यास आकलन सुलभ होते.

*५.२ वृषभ व सिंह वर्षाव (नोव्हेंबर) :* वृषभ राशीतील दोन वर्षाव एनके धूमकेतूशी संबंधित आहेत. त्यांचा तासदर जेमतेम ५ असला, तरी त्यांच्या उल्का संथ आणि कधीकधी अतिशय तेजस्वी असतात. १७-१८ नोव्हेंबरचा सिंह वर्षाव टेम्पल-टटल धूमकेतूचा आहे. सामान्य वर्षी त्याचा तासदर १० ते १५ असतो. परंतु धूमकेतू सुमारे ३३ वर्षांनी परततो तेव्हा त्याचे वादळात रूपांतर होऊ शकते. १८३३ व १९६६ मधील वादळे इतिहासप्रसिद्ध आहेत. १९९९ व २००१ मध्येही मोठे वर्षाव झाले. उद्गमबिंदू मध्यरात्रीच्या सुमारास उगवतो आणि पहाटे डोक्यावर येतो. सेकंदाला ७१ किलोमीटर या वेगामुळे उल्का अत्यंत चपळ दिसतात व काहींच्या मागे धूसर पट्टा क्षणभर रेंगाळतो.

*५.३ मिथुन वर्षाव (१३-१४ डिसेंबर) :* या प्रदेशासाठी हा वर्षातील सर्वश्रेष्ठ वर्षाव होय. त्याची कारणे चार आहेत. पहिले, आदर्श तासदर सुमारे १५० म्हणजे सर्व वार्षिक वर्षावांत अग्रगण्य आहे. दुसरे, उद्गमबिंदू सायंकाळी सातच्या सुमारासच उगवतो, साडेनऊपर्यंत ३० अंश चढतो आणि रात्री दोनच्या सुमारास सुमारे ७७ अंश उंचीवर असतो; त्यामुळे लहान विद्यार्थ्यांनाही पहाटेची वाट पाहावी लागत नाही. तिसरे, डिसेंबरमध्ये आकाश बहुधा निरभ्र असते. चौथे, सेकंदाला ३५ किलोमीटर हा मध्यम वेग असल्याने नवख्या निरीक्षकासही उल्का नीट पाहता येते.

या वर्षावाचा जनक धूमकेतू नसून फेथॉन नावाचा लघुग्रह आहे. १९८३ मध्ये आयरॅस या अवकाशीय दुर्बिणीच्या साहाय्याने त्याचा शोध लागला. तो सूर्याभोवतीची फेरी सुमारे १.४ वर्षांत पूर्ण करतो आणि बुधापेक्षाही सूर्याच्या जवळ जातो. धूमकेतूसारखी ठळक शेपटी नसलेल्या या पिंडापासून इतकी धूळ कशी निघाली, हा प्रश्न अद्याप अभ्यासाचा विषय आहे.

या दिवसांत शेतांत धानाचे पुंजणे रचलेले असतात व मळणीची कामे चालू असतात. वैनगंगा, वर्धा व इंद्रावती यांच्या काठालगत पहाटे धुके दाटते. म्हणून नदीकाठापेक्षा उंचवट्यावरील गाव निवडावे आणि रात्री दहा ते दोन हा काळ प्राधान्याने वापरावा.

*५.४ भूतप वर्षाव (३-४ जानेवारी) :* आदर्श तासदर सुमारे ११० असूनही हा वर्षाव येथे बेभरवशाचा आहे. त्याचा परमोच्च काळ केवळ काही तासांचा असतो आणि तो भारतातील दिवसा आला तर वर्षाव हुकतो. उद्गमबिंदू रात्री एकनंतर उगवून पहाटे साडेपाचपर्यंत ४० अंशांच्या आसपास पोहोचतो. परमोच्च क्षण भारतीय पहाटेशी जुळत असेल त्याच वर्षी त्यासाठी जागावे. डिसेंबरच्या २२-२३ तारखेचा ध्रुवमत्स्य वर्षाव तर येथून कधीच ३५ अंशांपेक्षा फार वर येत नाही. त्याची गणना गौण वर्षावांत करावी.

*५.५ स्वरमंडल वर्षाव (२२-२३ एप्रिल) :* जानेवारीच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत कोणताही प्रमुख वर्षाव नसतो. त्यानंतर थॅचर धूमकेतूचा हा वर्षाव येतो. त्याची नोंद चीनमध्ये इ. स. पूर्व ६८७ इतकी जुनी आहे. तासदर १८ असून उद्गमबिंदू तेजस्वी अभिजित ताऱ्याजवळ असतो व पहाटे चारच्या सुमारास उंच चढतो. या काळात हवेतील धूळ व वणव्यांचा धूर यांमुळे आकाश काहीसे मलिन असते.

*५.६ कुंभ वर्षाव (५-६ मे) :* हाही हॅले धूमकेतूचाच वर्षाव आहे. आदर्श तासदर सुमारे ५० असला, तरी उत्तर युरोपात पहाट लवकर होत असल्याने तो फारसा दिसत नाही. चंद्रपूरहून मात्र उद्गमबिंदू पावणेदोनच्या सुमारास उगवतो आणि सव्वाचारपर्यंत सुमारे ३५ अंश चढतो. ययाती वर्षाव हिरावून घेणारा आपला भूगोल येथे काही प्रमाणात भरपाई करून देतो. तेंदूपाने तोडण्यास याच हंगामात कुटुंबेच्या कुटुंबे पहाटे घराबाहेर पडतात. त्यांच्या डोक्यावरून जाणाऱ्या वेगवान रेषा १९८६ मध्ये येऊन गेलेल्या आणि २०६१ मध्ये पुन्हा येणाऱ्या धूमकेतूने फार पूर्वी सांडलेल्या धुळीच्या असतात.

अशा रीतीने येथील निरीक्षण-वर्ष हॅलेच्या धुळीने उघडते आणि हॅलेच्याच धुळीने मिटते.

तक्ता क्र. १ : प्रमुख वर्षावांची स्थानिक अनुकूलता

| वर्षाव | परमोच्च रात्र | आदर्श तासदर | योग्य वेळ | अनुकूलता |
|---|---|---|---|---|
| मृग | २१-२२ ऑक्टोबर | २० | रात्री १ ते पहाट | चांगली |
| सिंह | १७-१८ नोव्हेंबर | १०-१५ | रात्री २ ते पहाट | मध्यम |
| मिथुन | १३-१४ डिसेंबर | १५० | रात्री १० ते पहाट | सर्वोत्तम |
| भूतप | ३-४ जानेवारी | ११० | पहाटे ३ नंतर | अनिश्चित |
| स्वरमंडल | २२-२३ एप्रिल | १८ | रात्री १२ ते पहाट | मध्यम |
| कुंभ | ५-६ मे | ५० | पहाटे ३ ते ४.३० | चांगली |
| ययाती | १२-१३ ऑगस्ट | १०० | पहाटे | पावसामुळे अत्यल्प |

६. चंद्र आणि पंचांग

वर्षावाचा दिनांक सूर्याशी, तर रात्रीचा उजेड चंद्राशी निगडित असतो. इंग्रजी दिनांक तोच राहिला तरी तिथी दरवर्षी सुमारे ११ दिवसांनी पुढे सरकते. त्यामुळे घरातील पंचांग किंवा तिथी देणारी दिनदर्शिका हेच उल्का निरीक्षकाचे पहिले साधन ठरते.

नियम सोपा आहे. शुक्ल अष्टमीचा चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास मावळतो आणि कृष्ण अष्टमीचा त्याच सुमारास उगवतो. म्हणून पहाटेच्या वर्षावांसाठी कृष्ण पक्षाचे अखेरचे दिवस, अमावास्या आणि शुक्ल दशमीपर्यंतच्या तिथी अनुकूल असतात. पौर्णिमेपासून कृष्ण दशमीपर्यंतचा काळ प्रतिकूल मानावा.

मिथुन वर्षावाचे उदाहरण घेऊ. २०२६ मध्ये अमावास्या ९ डिसेंबरला असल्याने १४ डिसेंबरला शुक्ल पंचमी-षष्ठीच्या सुमाराची कोर असेल आणि ती मध्यरात्रीपूर्वीच मावळेल; ते वर्ष उत्तम आहे. २०२७ मध्ये १३ डिसेंबरलाच मार्गशीर्ष पौर्णिमा असल्याने केवळ ठळक उल्का दिसतील. २०२८ मध्ये अमावास्या १६ डिसेंबरला असून स्थिती पुन्हा अनुकूल होईल. तीन वर्षांचा असा विचार करूनच शैक्षणिक संस्थांनी कार्यक्रम आखावा.

७. अंधार, अरण्य आणि सुरक्षितता

उल्का पाहण्यासाठी ‘शहरापासून दूर, अंधाऱ्या जागी जावे’ असे सर्वत्र सांगितले जाते. हा सल्ला या दोन जिल्ह्यांत जसाच्या तसा देणे धोकादायक आहे. ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाबाहेरही ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूल, सावली या तालुक्यांत वाघ व बिबट्यांचा वावर आहे. १० मे २०२५ रोजी सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने तोडण्यास गेलेल्या तीन स्त्रिया वाघाच्या हल्ल्यात मृत्युमुखी पडल्या. ज्यांचे पोट जंगलावर अवलंबून आहे, त्यांना ही जोखीम पत्करावी लागते. आकाशदर्शनासाठी ती पत्करण्याचे कोणतेही कारण नाही.

सुदैवाने त्याची गरजही नाही. वनक्षेत्रातील लहान गावाचे आकाश मुळातच अंधारे असते. गावाच्या मध्यभागी असलेली शाळेची गच्ची, ग्रामपंचायतीची इमारत किंवा कुंपण असलेले अंगण येथून निरीक्षण करावे. बाजेवर किंवा सतरंजीवर उताणे पडून उद्गमबिंदूपासून ४०-५० अंश दूरच्या आकाशाकडे नजर ठेवावी, कारण तेथे उल्कांच्या रेषा अधिक लांब दिसतात. डोळ्यांस अंधाराची सवय होण्यास २० ते ३० मिनिटे लागतात. या काळात भ्रमणध्वनी पाहू नये. विजेरीस लाल कागद लावावा. निरीक्षण गटानेच करावे, एका व्यक्तीने परिसरावर लक्ष ठेवावे आणि गावातील वनरक्षक व पोलीस पाटील यांना पूर्वसूचना द्यावी. दुर्बिणीची आवश्यकता नाही. तिच्यामुळे दृष्टिक्षेत्र आकुंचित होते.

येथे एक खरा पेच उद्भवतो. वाघाच्या भीतीने गावकरी पथदिव्यांची मागणी करतात आणि ती सर्वथा रास्त आहे. खगोलप्रेमींनी ‘दिवे नकोत’ असे म्हणणे अन्यायाचे होईल. मात्र दिवा लावणे आणि आकाश उजळणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. वरून झाकलेला, प्रकाश केवळ जमिनीवर पाडणारा दिवा वाट अधिक चांगली दाखवतो, डोळे दिपवत नाही आणि आकाशही राखतो. नागपूर जिल्ह्यातील पेंच व्याघ्र प्रकल्पास जानेवारी २०२४ मध्ये भारतातील पहिले ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. दिव्यांची योग्य रचना आणि वन्यजीव क्षेत्राचे व्यवस्थापन यांचा मेळ घालता येतो, हे त्यावरून सिद्ध होते. चंद्रपूरचे २९२० मेगावॅट क्षमतेचे वीज केंद्र किंवा सुरजागडचे लोहखनिज उत्खनन यांसारख्या उद्योगांच्या परिसरातही हाच विचार लागू करता येईल.

८. उल्का की अवकाशीय अवशेष? : २ एप्रिल २०२२ ची घटना

२ एप्रिल २०२२ रोजी गुढीपाडवा होता. सायंकाळी पावणेआठच्या सुमारास विदर्भासह महाराष्ट्राच्या मोठ्या भागातून आणि मध्य प्रदेश व गुजरातमधूनही आकाशात जळत जाणाऱ्या तेजस्वी तुकड्यांची रांग दिसली. अनेकांनी ती उल्का किंवा उल्कावर्षाव असल्याचे मानले. त्याच रात्री सिंदेवाही तालुक्यातील लाडबोरी गावात सुमारे तीन मीटर व्यासाचे धातूचे कडे पडले. पवनपार परिसरात धातूचा गोलही सापडला. सुदैवाने जीवितहानी झाली नाही. हे अवशेष फेब्रुवारी २०२१ मध्ये प्रक्षेपित झालेल्या चीनच्या चँग झेंग-३बी अग्निबाणाच्या तिसऱ्या टप्प्याचे असावेत, असा निष्कर्ष अवकाशातील वस्तूंचा मागोवा घेणारे खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांनी मांडला. पुढे इस्रोच्या शास्त्रज्ञांनीही अवशेषांची पाहणी केली.

वर्षावांचे वेळापत्रक ज्ञात असलेल्या निरीक्षकास त्या सायंकाळी दोन-तीन गोष्टी तत्काळ खटकल्या असत्या. एक, एप्रिलच्या आरंभी कोणताही प्रमुख वर्षाव नसतो. दोन, वर्षावातील उल्का साधारणतः एका सेकंदात किंवा फार तर काही सेकंदांत विझते. अवशेषांची रांग मात्र मिनिटभर किंवा त्याहून अधिक काळ संथपणे आकाश ओलांडते. पृथ्वीभोवतीच्या कक्षेतून उतरणाऱ्या वस्तूचा वेग सेकंदाला सुमारे ८ किलोमीटर असतो, तर उल्कांचा ११ ते ७२ किलोमीटर. तीन, वर्षावातील उल्का वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या दिशांना जातात. अवशेषांचे तुकडे एकामागोमाग एकाच मार्गाने जातात.

हा भेद केवळ ज्ञानासाठी महत्त्वाचा नाही. उल्कावर्षावातील कण वरच जळून जातात. कोणत्याही वार्षिक वर्षावातून जमिनीवर आलेली अशनी आजवर निर्विवादपणे सापडलेली नाही. म्हणून वर्षावाची भीती बाळगण्याचे कारण नाही. अग्निबाणाच्या अवशेषांत मात्र विषारी इंधनाचा अंश असू शकतो. आकाशातून पडलेल्या वस्तूस हात लावू नये, मुलांना दूर ठेवावे, ती घरी नेऊ नये किंवा भंगारात देऊ नये आणि पोलीस ठाणे अथवा तहसील कार्यालयास त्वरित कळवावे. जे गाव मिथुन वर्षाव ओळखते, ते गाव संकटाची वस्तूही लवकर ओळखू शकते.

९. निष्कर्ष

१) चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांसाठी उल्का निरीक्षणाचे वर्ष ऑक्टोबर ते मे असे मानणे योग्य ठरते.
२) मिथुन वर्षाव हा येथील सर्वोत्तम वर्षाव असून, मृग व कुंभ हे हॅले धूमकेतूचे दोन वर्षाव त्याखालोखाल निरीक्षणीय आहेत. ययाती वर्षावाची ख्याती येथे उपयोगी पडत नाही.
३) प्रसिद्ध तासदर ही कमाल मर्यादा आहे, प्रत्यक्ष संख्या उद्गमबिंदूची उंची व आकाशाचा अंधार यांवर ठरते.
४) तिथी पाहून वर्षाची निवड केल्यास निराशा टळते.
५) वनक्षेत्रात अंधाराच्या शोधात गावाबाहेर जाणे अनावश्यक व धोकादायक आहे.

१०. शिफारशी

शाळा व महाविद्यालयांनी दरवर्षी निदान मिथुन वर्षावाची नोंद ठेवावी. दिनांक, निरीक्षणाचा आरंभ व शेवट, दिसणारा सर्वांत मंद तारा, ढगांचे प्रमाण आणि दर १५ मिनिटांतील उल्कांची संख्या एवढी माहिती एका वहीत लिहिली तरी ती वैज्ञानिक नोंद ठरते. १९८८ मध्ये स्थापन झालेली आंतरराष्ट्रीय उल्का संघटना हौशी निरीक्षकांच्या अशा नोंदी स्वीकारते. भामरागड, सिरोंचा, नागभीड व चंद्रपूर येथून एकाच रात्री घेतलेल्या नोंदी दहा वर्षे जतन केल्यास या प्रदेशाचे आकाश किती उजळत आहे, हेही त्यांवरून कळेल. त्यासाठी महागडी उपकरणे लागत नाहीत; एक वही, एक घड्याळ, सुरक्षित अंगण आणि जागण्याची तयारी पुरेशी आहे.